समोर काहीच नसताना गाडीने स्वतःहून करकचून ब्रेक मारला. एईबी (टक्कर टाळायला गाडीने आपोआप लावायचा ब्रेक) बंद ठेवावं का?

मुळामुठा

मंडळी, सल्ला हवा आहे. गाडी दीडेक वर्षाची, ऑटोमॅटिक, एडासवाली (रडार-कॅमेऱ्याने चालकाला मदत करणारी). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दुसऱ्याच प्रतिसादापासून ‘तुमची कंपनी विरुद्ध आमची कंपनी’ सुरू होईल.

साताऱ्याहून कराडकडे निघालो होतो. महामार्ग रुंदीकरणाचं काम चालू आहे त्या पट्ट्यात, ताशी ७० च्या आसपास. पुढे माझ्या लेनमध्ये एकही गाडी नाही. आणि अचानक गाडीने असा ब्रेक मारला की पट्टा छातीत रुतला. मागे आईच्या मांडीवर डबा होता, तो उडून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटला. मसाल्याचं तेल अजून सीटच्या शिवणीत आहे, ड्रायक्लीनवाल्यानेही हात टेकले. मागून एक टेम्पो येत होता. त्याने कशीबशी डावीकडे मातीत घातली आणि माझ्या शेजारी येऊन थांबला. तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याचं चुकलं असं म्हणवत नाही.

सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली. त्यांनी लॅपटॉप जोडला, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “एरर कोड काही नाही सर, सिस्टीम नॉर्मल आहे. आपल्या रोडला होतं असं.” रेकॉर्ड मागितलं तर ‘ते कंपनीकडे असतं’.

मेनूमध्ये एईबी बंद करायची सोय आहे. बायको म्हणते बंद कर. मुलगा म्हणतो, एवढे पैसे त्याच्यासाठीच जास्त मोजले ना? तुम्ही काय करता?

टर्बोतात्या

बंद करा आणि विषय संपवा. मी ताबा घेतल्या दिवशी बंद केलं. माझा पाय आणि माझा ब्रेक यांच्यामध्ये तिसऱ्याची लुडबुड नको. इतकी वर्षं गाडी चालवली ती काय रडारच्या भरवशावर?

वैनगंगा

तात्या, तुमच्या बऱ्याच गोष्टी पटतात, ही नाही. उमरेड रोडवर रात्री समोरच्या कारने अचानक वेग कमी केला, मी आरशात बघत होते. माझ्या आधी गाडीने ब्रेक लावला. मला कळलं तेव्हा वेग निम्म्यावर आला होता. तो दिवस आठवला की मेनूतल्या त्या बटनाकडे माझा हात जात नाही.

पण दुसरी बाजूही सांगते. त्याच रस्त्यावर कापसानं भरलेली ट्रॉली, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, चौफेर नुसता कापूस लोंबतो. तिच्या मागे मीच पोचले, मीच ब्रेक मारला. गाडीनं हूं की चूं केलं नाही. म्हणजे नको तिथं घाबरते आणि हवं तिथं झोपते, असं कसं?

रडारवाला

चाकणला याच क्षेत्रात काम करतो, टेस्टिंगच्या बाजूला. कुठल्या कंपनीत ते विचारू नका.

मुळामुठा, आधी तीन प्रश्न. एक, क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारा कंट्रोल, चालू होता का? दोन, ब्रेकच्या आधी किंवा ब्रेक लागताना टूंटूं वाजलं का, पॅनेलवर लाल चित्र आलं का? तीन, डॅशकॅम आहे का? असेल तर ब्रेकच्या आधीच्या तीन-चार सेकंदांत समोर *काय काय* दिसतंय ते लिहा. ‘काहीच नव्हतं’ असं नाही. रस्त्याकडेला, वर, खाली जे असेल ते सगळं.

हे विचारतोय कारण लोक ज्याला ‘गाडीने आपोआप ब्रेक मारला’ म्हणतात त्यात निदान दोन वेगळी कामं असतात. अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ चालू असेल तर तो अंतर राखण्यासाठी ब्रेक लावतो. त्याची ताकद मुद्दाम मर्यादित ठेवलेली असते, वेग कमी होण्याचा दर साधारण ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, कमी वेगाला थोडी जास्त. धक्का बसतो, शिवी येते, पण पट्टा लॉक होईलच असं नाही. एईबी हा शेवटचा उपाय. आधी आवाज, मग काही गाड्यांत एक छोटा झटका, मग अर्धा ब्रेक, आणि तरी चालकाने काही केलं नाही तर पूर्ण ताकदीने, म्हणजे कोरड्या रस्त्यावर ८-९ मीटर प्रति सेकंद वर्गापर्यंत. या पायऱ्या सेकंद-दीड सेकंदात उरकतात, म्हणून बऱ्याच जणांना सगळं एकदमच झाल्यासारखं वाटतं.

वैनगंगाताई, ट्रॉलीचं उत्तर सविस्तर द्यावं लागेल. संध्याकाळी लिहितो.

कोल्हापुरी_चाक

आवो, तुमी सगळे गाडीच्या आत बसून बोलायलाय. मागं कोण हाय ते बी बगा की. माज्या चार गाड्या हायत, पाच टन मालाच्या. ह्या नव्या गाड्यांच्या मागं चालवायची म्हंजे ड्रायव्हरला घाम फुटतोय. समोर मोकळा रस्ता दिसतोय, लाल दिवा लागायचं काय कारणच न्हाई, आन् मदीच ही उभी. भरल्याली गाडी कारगत थांबत न्हाई. एअर ब्रेकला हवा भरून पॅड लागंस्तोवर बी येळ जातोय. धडकलं की चूक कुणाची? मागच्याची. पोलीस बी तेच म्हंतोय, पब्लिक बी तेच. आमी काय करायचं सांगा.

टर्बोतात्या

चाकसाहेब, लाखमोलाचं बोललात.

गार्डनस्टेट

न्यू जर्सीहून. हे फक्त भारतातल्या रस्त्यांमुळे होतं असं सर्व्हिसवाले सांगत असतील तर त्यांना सांगा की अमेरिकेत आखीव-रेखीव लेन असूनही हे रामायण कधीचं चालू आहे. २०१९ मध्ये निसानच्या ‘रोग’ नावाच्या गाडीबद्दलच्या तक्रारींवरून एनएचटीएसए या सरकारी संस्थेने चौकशी उघडली, साधारण साडेपाच लाख गाड्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय, ३५४ तक्रारी, चौकशीच्या कक्षेत सुमारे ४ लाख १६ हजार गाड्या. त्याच महिन्यात होंडाची अ‍ॅकॉर्ड आणि सीआर-व्ही, २७८ तक्रारी, सुमारे १७ लाख गाड्या. ती चौकशी २०२४ मध्ये आणखी वर्षांच्या मॉडेलांपर्यंत वाढवली, आकडा ३० लाखांच्या जवळ गेला. त्याआधी २०२१ च्या शेवटी टेस्लाने ११,७०४ गाड्या रिकॉल केल्या होत्या (दोष दुरुस्तीसाठी परत बोलावल्या), कारण एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर काही गाड्या उगाच टक्कर-इशारे द्यायला आणि ब्रेक मारायला लागल्या.

यातली गंमत तक्रारींच्या आकड्यात आहे. चार लाख गाड्या आणि साडेतीनशे तक्रारी, तरी चौकशी लागली. लोकांनी फॉर्म भरले म्हणून लागली. आपल्याकडे आपण फोरमवर लिहितो आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरवर ओरडतो. दोन्हीची सरकारदरबारी नोंद होत नाही.

मुळामुठा

रडारवाला, उत्तरं देतो. क्रूझ चालू होता, ७० वर. आवाज आला, पण ब्रेकच्या सोबतच, आधी नाही. लाल चित्र होतं असं शेजारी बसलेली बायको खात्रीने सांगते. डॅशकॅम आहे, मेमरी कार्ड काढून पुन्हा पुन्हा बघितलं.

व्हिडिओत दिसतं ते असं. रस्ता डायव्हर्जनला लागतो. लेन आधी उजवीकडे आणि मग लगेच डावीकडे वळते. वळणाच्या तोंडाशी सिमेंटचे पिवळे-काळे ठोकळे, त्यांच्या पुढे एक पत्र्याचा बोर्ड आणि थोडा पलीकडे उभा पाण्याचा टँकर. मी वळवायला सुरुवात करणार तेवढ्यात ब्रेक. ठोकळे माझ्या मार्गात नव्हते. पण हो, स्टिअरिंग तोवर सरळ होतं.

रडारवाला

आता बोलता येईल. लॉग, म्हणजे गाडीतली नोंद, बघितल्याशिवाय शपथेवर कोणी सांगू नये, मीही नाही. पण वर्णन नेहमीचं आहे.

गाडीला तुमच्या मनातलं वळण माहीत नसतं. ‘मी पुढे कुठे जाणार’ हे ती स्टिअरिंगचा कोन आणि गाडी आत्ता किती वळते आहे यावरून काढते. लेनचे पट्टे स्पष्ट असतील तर त्यांचा आधार घेते. डायव्हर्जनवर पट्टे एकतर नसतात किंवा जुनेच असतात, सरळ ठोकळ्यांत घुसणारे. ताशी ७० म्हणजे सेकंदाला साडेएकोणीस मीटर. ठोकळे आणि टँकर २५ मीटरवर असतील तर धडकेला सव्वा सेकंद उरला. तुम्हाला माहीत आहे की पुढच्या अर्ध्या सेकंदात तुम्ही वळणार. गाडीच्या हिशेबात एक माणूस सरळ चाक धरून, एक्सलरेटरवर पाय न ठेवता (कारण क्रूझ), उभ्या टँकरकडे चालला आहे. झोपलेला चालक अगदी असाच दिसतो.

म्हणून ‘समोर काहीच नव्हतं’ हे वाक्य मी मान्य करत नाही. तुमच्या मार्गात काही नव्हतं. समोर होतं.

आंबा घाटात किंवा वरंध्यात जे अनुभव येतात ते याच जातीचे. वळणाआधी समोरून येणारा ट्रक नेमका तुमच्या नाकासमोर असतो, दोघांचे वेग बेरजेत जातात आणि हिशेब एकदम बिघडतो. बहुतेक गाड्या समोरून येणाऱ्या वाहनावर जोरात ब्रेक मारायचं टाळतात, पण इशारा देतातच.

दुचाकी मध्ये घुसण्याचा हिशेबही करून बघा. तुम्ही ८० वर, दुचाकी ५० वर, ती १० मीटर पुढे तुमच्या लेनमध्ये तिरपी शिरली. फरक ताशी ३०, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. धडकेला १.२ सेकंद. आपण जन्मभर हे बघत आलो आहोत, ती दुचाकी पलीकडे निघून जाणार हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणजे बहुतेकदा निघून जाते. गाडी बरोबर आकडे मोजते आणि आपल्याला ती घाबरट वाटते. आपल्याकडच्या ‘खोट्या’ ब्रेकांपैकी मोठा वाटा असा आहे असं माझं मत आहे, आणि यावर माझं सहकाऱ्यांशीही भांडण होतं.

खऱ्या अर्थाने खोटे ब्रेक वेगळे. रडारला धातू आवडतो. मेट्रोच्या कामात खड्ड्यावर टाकलेली लोखंडी प्लेट, पुलाचा एक्सपान्शन जॉइंट, उतार संपून चढ लागताना अगदी समोर आल्यासारखा दिसणारा वरचा पूल किंवा गँट्री (पाट्यांची लोखंडी कमान). साध्या रडारला उंची नीट कळत नाही, वस्तू रस्त्यावर आहे की रस्त्याच्या वर हे तो कॅमेऱ्याला विचारतो. कॅमेऱ्याच्या डोळ्यात मावळतीचं ऊन गेलं किंवा काच तेलकट असली की तोही गोंधळतो. २०२४ च्या अमेरिकन नियमात लोखंडी प्लेटची चाचणी मुद्दाम घातली आहे: प्लेटवरून जाताना गाडीने ०.२५ जी (सुमारे २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग) पेक्षा जास्त ब्रेक लावता कामा नये.

आता ताईंची ट्रॉली. रडारला हलणारी वस्तू सहज वेगळी काढता येते. उभी वस्तू म्हणजे खांब, झाड, कठडा, पाटी, सगळं उभंच. प्रत्येकावर ब्रेक मारला तर गाडी घराबाहेर पडणार नाही. म्हणून उभ्या किंवा अगदी हळू वस्तूसाठी कॅमेऱ्याचा होकार लागतो: ‘हो, हे वाहन आहे.’ कॅमेरा वाहन ओळखायला शिकतो चित्रांवरून. त्यात कारचा मागचा भाग, ट्रकचा मागचा भाग, दुचाकीस्वार, पादचारी असतात. अंधारात लोंबणारा कापूस किंवा उसाची मोळी त्याला वाहन वाटत नाही. ताई, नको तिथं घाबरणं आणि हवं तिथं झोपणं हे एकाच स्क्रूचे दोन आटे आहेत. आम्ही तो घाबरण्याकडून सैल केला की झोपण्याकडे जातो. प्रत्येक कंपनी कुठेतरी मध्ये थांबते आणि कुठे थांबली ते ग्राहकाला सांगत नाही. माझा खरा राग त्यावर आहे.

वैनगंगा

समजलं. पण मग आपल्याकडचा ऊस, कापूस, कडबा, बैलबंडी याची चित्रं दाखवून शिकवा ना त्याला. इथं विकून राहिले तर इथलं शिकवायला नको?

रडारवाला

दाखवतात, आधीपेक्षा पुष्कळ. ऑटोरिक्षा आता बहुतेक सगळ्यांना ओळखता येते. भरलेल्या ट्रॉलीचं दुखणं हे की दर हंगामात, दर तालुक्यात तिचा आकार वेगळा.

कोल्हापुरी_चाक

रडारवाले, लई चांगलं समजावलं, पण माजा प्रश्न तसाच ऱ्हायला. गाडी हुशार हाय का येडी, मला काय करायचंय? ती थांबली तर माजा ड्रायव्हर मरतोय.

रडारवाला

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. पुढची कार ८० वर पूर्ण ब्रेक मारते तेव्हा साधारण ३० मीटरमध्ये थांबते. तुमच्या ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर तेवढ्यात तुमची गाडी २२ मीटर पुढे आलेली असते, आणि नंतर थांबायलाही तिला कारपेक्षा जास्त अंतर लागतं. एईबीला मागचं काही दिसत नाही. बहुतेक गाड्या ‘मागे ट्रक चिकटलाय, जरा हळू दाबू’ असा विचार करत नाहीत.

अवजड वाहनांनाही हे येतंय. ट्रक-बससाठी एईबी सक्तीचं करण्याचा केंद्राचा मसुदा मार्च २०२५ मध्ये निघाला. अवजड वाहनांच्या संयुक्त राष्ट्रांच्या १३१ क्रमांकाच्या नियमावलीत खोट्या ब्रेकची एक चाचणी आहे: दोन उभ्या कारच्या मधून ताशी ५० ने जायचं, गाडीने इशाराही द्यायचा नाही, ब्रेकही मारायचा नाही. त्या दोन कारमधलं अंतर किती? साडेचार मीटर. तेवढी मोकळी जागा तुमच्या लक्ष्मीपुरीत मिळाली तर मला कळवा.

टर्बोतात्या

म्हणजे तुमच्या चाचण्याच आमच्यासाठी नाहीत. मी हेच म्हणतोय. बंद करा.

रडारवाला

तात्या, सरकारी आकडे बघा. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यावर गेली, आणि अपघातांत सगळ्यात मोठा प्रकार मागून धडकण्याचा, पाचात एक. एईबी नेमकं त्याच्यासाठी आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या अभ्यासात इशारा आणि आपोआप ब्रेक असलेल्या गाड्या पुढच्याला धडकण्याचं प्रमाण निम्म्यावर आलेलं दिसलं. आपल्याकडे निम्मं होईल असं मी म्हणणार नाही. पण शून्य फायदा आहे असं तुम्हीही म्हणू शकत नाही.

काळाकोट

कोल्हापुरी_चाक यांच्या ‘चूक मागच्याची’ या वाक्यावर थोडं. हे ब्रह्मवाक्य नाही. विनाकारण एकदम ब्रेक मारू नये हे आपल्या वाहतूक नियमांत आधीपासून आहे, सुरक्षेसाठी गरज असेल तरच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोइमतूरच्या २०१७ च्या अपघातात निकाल दिला. पुढच्या कारने महामार्गावर अचानक ब्रेक मारला, मागचा दुचाकीस्वार धडकून पडला आणि त्याच्या पायावरून बस गेली. कारचालकाचं म्हणणं, गरोदर पत्नीला मळमळलं म्हणून थांबलो. न्यायालयाने कारचालकावर ५० टक्के जबाबदारी टाकली, बसवर ३० आणि दुचाकीस्वारावर २०. महामार्गावर मागच्याला इशारा न देता थांबणं हा निष्काळजीपणा, असं सरळ म्हटलं.

आता ‘मी नाही, गाडीने ब्रेक मारला’ हा बचाव. माझ्या मते तो मागून धडकलेल्या माणसापुढे टिकणार नाही. त्याच्यासाठी गाडी तुमची, चाक तुमच्या हातात. तुमचं भांडण नंतर कंपनीशी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादकाच्या दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. पण दोष सिद्ध करायचा तर पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे तोच लॉग जो ‘कंपनीकडे असतो’. मुळामुठा, तोंडी मागू नका. तारीख, वेळ, ठिकाण, किलोमीटर रीडिंग घालून ईमेल करा, जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ असं लिहिलेल्या जॉब कार्डाची कोर्टात रद्दी होते. डॅशकॅमची फाइल दोन ठिकाणी ठेवा.

गार्डनस्टेट यांनी फॉर्मचं लिहिलं, तर आपल्याकडेही मार्ग आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे रिकॉलचं कलम आलं. ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. त्यासाठी वाहनमालकांना ऑनलाइन तक्रार नोंदवता येते. कितीजण नोंदवतात ते सोडा.

गार्डनस्टेट

११०-अ माहीत नव्हतं. हे धाग्याच्या वर टाकायला हवं.

नियंत्रक

दोन प्रतिसाद काढले आहेत. कंपन्यांची नावं घेऊन एकमेकांच्या गाड्यांना खटारा म्हणणं इथे नको. मूळ लेखकाने पथ्य पाळलं आहे, तेच सगळ्यांनी पाळा.

गॅरेजकाका

मी सर्व्हिसच्या बाजूचा, आता निवृत्त, स्वतःचं छोटं वर्कशॉप. ‘सिस्टीम नॉर्मल’ सांगणाऱ्या पोरांना दोष देऊ नका. एरर कोड सेन्सर *बिघडला* तर येतो. सेन्सरने चुकीचा अंदाज केला तर कोड कशाचा येणार?

पण गाडीवर बघण्यासारखं बरंच असतं आणि ते कोणी बघत नाही.

पुढची काच बदलली आहे का? दगड लागून काच गेली, विम्यात दुसरी बसवली, आणि कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेमकी दिशा जुळवणं) केलंच नाही, अशा गाड्या मी स्वतः बघितल्या आहेत. कॅलिब्रेशनला समोर ठरावीक अंतरावर नक्षीचा बोर्ड लावतात किंवा गाडी पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवून करतात. बिलात त्याची वेगळी ओळ दिसली पाहिजे.

बंपर ठोकला होता का? रडार पुढच्या लोगोच्या मागे किंवा खालच्या जाळीत असतं. पार्किंगमध्ये हलकंसं लागलं, बंपर ओढून रंगवला, आत ब्रॅकेट वाकलेलंच. एक अंश वाकडं रडार म्हणजे शंभर मीटरवर पावणेदोन मीटरची चूक. आपली लेन साडेतीन मीटरची. शेजारच्या लेनमधला ट्रक त्याला तुमच्या लेनमध्ये दिसणार, दुसरं काय!

दसऱ्याला झेंडूचा जाड हार लोगोवरून सोडतात, लिंबू-मिरची नेमकी जाळीपुढे लोंबत ठेवतात. यातून बहुतेकदा ‘रडार झाकलंय’ असा मेसेज येऊन सिस्टीम बंद पडते, उगाच ब्रेक लागत नाही. पूजा करा, हार घाला, पण संध्याकाळी काढा. जाळीवर बसवलेले जादा दिवे, जाड क्रोमची नंबरप्लेट फ्रेम, लोगोवर मारलेली फिल्म, ही त्याच माळेतली.

आणि काचेवर कॅमेऱ्यापुढे काही चिकटवलंय का ते बघा. सोसायटीचा स्टिकर, पार्किंग पास, फास्टॅग.

मुळामुठा

काका, काच बदललेली नाही. बंपर मात्र सोसायटीच्या खांबाला एकदा लागला होता, बाहेरच रंगवून घेतला. आता ब्रॅकेट बघायला टाकतो.

आणि फास्टॅग आरशाच्या मागे, मधोमध आहे. शोरूमनेच लावून दिला. बाहेरून बघितलं, कॅमेऱ्याच्या काळ्या खिडकीवर त्याचा कोपरा आलाय असं वाटतंय.

टर्बोतात्या

शोरूमनेच! घ्या.

वैनगंगा

मी काय केलं ते लिहिते, कोणाला उपयोग होईल. एईबी चालूच ठेवलं. इशाऱ्याची वेळ ‘लवकर’वर होती ती ‘उशिरा’वर आणली, त्यानं शहरातली किटकिट पुष्कळ कमी झाली. डायव्हर्जन, घाट, बाजार लागला की क्रूझ बंद. समृद्धीसारख्या रस्त्यावर क्रूझ चालू, पण पाय एक्सलरेटरजवळ.

रडारवाला

ताईंनी माझं काम हलकं केलं. फक्त एवढं जोडतो: इशाऱ्याची वेळ बदलली तरी पूर्ण ब्रेकची वेळ बहुतेक गाड्यांत बदलत नाही, ती आतून ठरलेली असते.

खोटा ब्रेक लागला तर एक्सलरेटर ठामपणे दाबा. बहुतेक गाड्यांत ब्रेक सुटतो, चालकाला मध्ये पडता आलं पाहिजे अशी आंतरराष्ट्रीय नियमांचीही अट आहे. पण त्या क्षणी हे सुचणं अवघड, आणि समोर खरंच काही असेल तर? म्हणून आधी आरसा बघत गाडी चालवायची सवय. मागे भरलेला ट्रक चिकटला असेल तर त्याला पुढे जाऊ द्या, हे चाकसाहेबांसाठी.

बंद करायचंच असेल तर हे लक्षात ठेवा की बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद-चालू केलं की एईबी परत चालू होतं. तात्या, तुमचं खरंच बंद आहे का ते एकदा बघा.

टर्बोतात्या

आत्ता पार्किंगमध्ये जाऊन आलो. चालू आहे.

कोल्हापुरी_चाक

😂 म्हंजे तात्या इतके दिस रडारच्या भरवशावरच!

टर्बोतात्या

हसा. पण या गाडीने मला अजून एकदाही उगाच थांबवलेलं नाही, तेही नोंदवून ठेवा.

मुळामुठा

सगळ्यांचे आभार. ईमेल पाठवला, काळाकोट यांनी सांगितलं तसा. बंपर सोमवारी उघडतोय. एईबी सध्या चालू, कामाच्या पट्ट्यात क्रूझ बंद.

काका, तो फास्टॅग काढून थोडा बाजूला चिकटवता येईल का?

गॅरेजकाका

नाही. उचकटला की आतली तार तुटते आणि टॅग मेला. ज्या बँकेचा आहे तिच्याकडून बदली टॅग मागवा, किरकोळ पैसे लागतात, बॅलन्स तोच राहतो. नवा आला की जुना काढा, चिकटा स्पिरिटने पुसा आणि कॅमेऱ्याच्या खिडकीला धक्का न लावता आरशाच्या थोडा खाली लावा. आणि सोमवारी बंपर उघडाल तेव्हा रडारच्या ब्रॅकेटचा फोटो इथे टाका, सरळ आहे की नाही ते बघून सांगतो.